उत्तर येईपर्यंत

टर्नर्स नेकमध्ये प्रत्येक घरी फ्रिजच्या डोक्यावर एक रेडिओ स्कॅनर असतो. समुद्रावर गेलेला नवरा, पोरगा, दीर, जावई, सगळ्यांचं बोलणं तो स्वयंपाकघरात आणून ओततो. त्याच्यावरून बोलता येत नाही, नुसतं ऐकायचं. बाप्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते बोटीवर तोंड सांभाळून बोलतात. एखाद्याने चुकून शिवी हासडलीच, तर संध्याकाळी बायको दारातच विचारते, "काय रे, सकाळी कुणाच्या आईचा उद्धार चालला होता?"

पण स्कॅनर सगळ्यांकडे असले तरी कान होता तो व्हर्नाकडे. ही पेटी एकामागून एक चॅनेल चाळत फिरत राहते, आणि कुणी बोलताना सापडलं की तिथे थांबते. खरखर दाबायची कळ जरा जास्त आवळली तर लांबच्या बोटी ऐकू येईनाशा होतात. जरा सैल सोडली तर पेटी नुसत्या खरखरीवरच अडून बसते. त्या दोहोंच्या मधली केसाएवढी जागा व्हर्ना पाठमोरी उभी राहून पकडायची. कुणाची बोट उशीर करायला लागली की बाया तिला फोन करत. "व्हर्ना, आमच्या मर्लचं काही ऐकलंस का गं?" आणि व्हर्ना बटाटे सोलता सोलता सांगायची, "बाहेरच्या बोयाशी आहे. पंख्यात दोर अडकलाय. शिव्या देतोय, म्हणजे बरा आहे."

तेव्हा व्हर्नाने ऐकलं म्हटलं की ती गोष्ट झाली, आणि नाही ऐकलं म्हटलं की झालीच नाही. कुणी तपासायला जात नसे. इतकी वर्षं तपासायची वेळही आली नव्हती.

तिचा नवरा हॉलिस म्हणजे बोलायला पैसे पडतात अशा थाटात वागणारा माणूस. गावभरच्या बायका कान लावून बसलेल्या असताना बापलेकांनी बोलायचं तरी काय, म्हणून त्याने कोपऱ्यातला एक चॅनेल हेरून ठेवला होता. तो कुणीच वापरत नसे. त्याच्या बोटीवर, पोराच्या बोटीवर आणि घरच्या पेटीत, एवढ्या तीनच ठिकाणी तो लावलेला. त्यावरही उत्तर तोंडाने द्यायचं नाही. एकाने बोलायचं, दुसऱ्याने माईकचं बटण दोनदा दाबायचं. टक टक. म्हणजे ऐकलं. लॉर्न बारा-तेरा वर्षांचा असताना बापाबरोबर बोटीवर जायला लागला आणि पहिलं काय शिकला असेल तर ते बटण दाबायला. पुढे त्याने स्वतःची बोट घेतली, लग्न केलं, वेगळं घर मांडलं, पण परत येताना बाहेरच्या बोयापाशी, बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या त्या खुणेच्या पिंपापाशी, बोलायची रीत सुटली नाही. जो आधी पोचेल त्याने म्हणायचं, "आत येतोय." दुसऱ्याने दाबायचं. स्वयंपाकघरात टक टक वाजलं की व्हर्ना चहाचं आधण ठेवायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी, नोव्हेंबरात, सापळे टाकायच्या दिवशी, हॉलिस गेला.

शेवंडीचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो. पहाटे सगळ्या बोटी एकदम निघतात, आणि सापळे इतके रचलेले असतात की केबिनच्या खिडक्या दिसत नाहीत. नोव्हा स्कॉशियाच्या या किनाऱ्यावर त्या दिवशी कुठल्याच बाईच्या घशाखाली धड घास उतरत नाही. दुपारी वारा फिरला. व्हर्ना काकवीची बिस्किटं लाटत होती. पेटीतून हॉलिसचा आवाज आला, नेहमीसारखाच सपाट. "लॉर्न, पंप बंद पडलाय. मागून पाणी चढतंय. इकडे ये."

व्हर्ना पिठाच्या हातांनी पेटीखाली जाऊन उभी राहिली. आता टक टक होईल, मग होईल. पेटीतून मर्लचा आवाज आला, आमिषाची पिंपं कमी पडली म्हणून कुणावर तरी खेकसत होता. मग दुसरं कोणी, मग तिसरं. "अरे दाब ना!" व्हर्ना पेटीवर ओरडली. "दाब मेल्या!" टक टक काही वाजलं नाही. हॉलिसचा आवाजही परत आला नाही. लॉर्न तिथे पोचला तेव्हा पाण्यावर सापळे तरंगत होते, आणि बोटीच्या नावाची फळी, तिच्यावर व्हर्नाचंच नाव. हॉलिस सापडला नाही, अजूनही नाही.

हॉलिससाठीच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं होतं. टेबलांवर सँडविचचे ढीग, मोठ्या किटलीत चहा. लॉर्नला कुणीतरी विचारलं आणि तो खाली मान घालून सांगत होता, "बाबांचं ऐकल्याबरोबर मी बटण दाबलं आणि बोट वळवली. पण तेवढ्यात..."

"खोटं बोलू नकोस," व्हर्ना म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण हॉलिसच्या बायकोने तोंड उघडल्यावर हॉल असाही गप्प होणार होताच.

"आई..."

"तुझ्या बापाने हाक मारली आणि तू उत्तर दिलं नाहीस. मी पेटीखाली उभी होते. केबिनमध्ये गाणी लावून बसायची तुझी सवय मला माहीत नाही का? तू ऐकलंच नाहीस त्याचं. नंतर कधीतरी त्याची बोट दिसेना, मग गेलास."

"आई, मी दाबलं होतं. दोनदा."

"मी तिथे उभी होते, लॉर्न."

एवढंच. लॉर्नची बायको टॅनिस काहीतरी बोलायला पुढे झाली, त्याने तिचा हात धरला. कुणीतरी हातातलं सँडविच हळूच बशीत ठेवलं. व्हर्नाने ऐकलं नाही म्हणजे झालं नाही, हे गावाने ठरवून टाकलेलंच होतं, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.

आता, समुद्रावर माणसाचे हजार गुन्हे माफ होतात. दारू पिऊन ये, दुसऱ्याच्या सापळ्यांवर सापळे टाक, शेजाऱ्याशी दहा वर्षं अबोला धर. पण हाक आली आणि तू 'ओ' दिली नाहीस, तर तुझ्याबरोबर कोण बोटीवर चढेल? लॉर्नला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. त्याच्या बोटीवरच्या एका गड्याची कंबर धरली. दुसऱ्याला मासे गोठवायच्या कारखान्यात काम लागलं. हा हंगाम लॉर्नने टॅनिसला घेऊन काढला, दोघंच, आणि हंगाम संपता संपता बोट आणि परवाना दोन्ही विकायला काढलं. शनिवारी ते पश्चिमेला निघणार होते, अल्बर्टाला, तेलाच्या विहिरींवर. व्हर्नाला हे दुकानात कळलं, पाव घेताना. पोराने सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? हॉलमधल्या त्या दिवसापासून मायलेक बोललेच नव्हते. आणि तो कोपऱ्यातला चॅनेल? तो तर तिने त्याच आठवड्यात पेटीतून वगळून टाकला होता. पेटी फिरताना त्याच्यावर थांबायचीच नाही.

हंगामाचा शेवटचा दिवस मे महिन्याच्या अखेरीस येतो. त्या दुपारी धुकं इतकं दाट होतं की अंगणातली कपडे वाळवायची दोरीसुद्धा दिसत नव्हती. शेजारची आर्डिथ, म्हणजे मर्लची बायको, खारवलेल्या माशाच्या वड्या घेऊन आली. तिच्या घरचा स्कॅनर सकाळी धूर सोडून मेला होता, आणि मर्ल शेवटचे सापळे उचलून यायचा होता.

"बसते गं तुझ्याकडे," आर्डिथ म्हणाली. "नवऱ्याचा आवाज ऐकल्याशिवाय मला वडी जात नाही. आल्यावर त्याचं तोंड बघवत नाही, ते सोड."

व्हर्नाने तिला चहा दिला. पेटी चालूच होती. हॉलिस गेल्यापासून ती दिवसभर चालूच असायची, पण व्हर्ना आता ऐकत नसे. घरात आवाज असावा म्हणून नुसती त्या आवाजात बसून राहायची.

पेटीतून मर्ल म्हणाला, "काय रे, तुझे अजून किती राहिले उचलायचे?" आणि लगेच कुणी भलताच धुक्याबद्दल बोलायला लागला.

आर्डिथने भुवया उंचावल्या. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. कुणीतरी विचारलं, "माझ्यासाठी थांबतोस का?" आणि पेटी उडी मारून तिसरीकडेच.

"काय गं हे?" आर्डिथ म्हणाली. "तुझी पेटी नुसते प्रश्न ऐकवते. उत्तरं कुठायत?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? विचारलेलं कळतंय, पुढचा काय म्हणाला ते कळत नाही. आमची सासू अशीच होती. विचारायची आणि उत्तराच्या आत निघून जायची." आर्डिथ चष्मा वर ढकलत उठली आणि फ्रिजपाशी जाऊन टाचा उंचावून पेटीत डोकावली. "बघ, डिले बंद आहे तुझा. म्हणून. बोलणं संपलं की क्षणभरही थांबत नाहीये ती. समोरचा माईक उचलेपर्यंत ही गेली पुढे."

"बंद कसा असेल?"

"मला काय विचारतेस! सापळे टाकायच्या दिवशी आपण सगळ्याच बंद करतो की नाही? नाहीतर एकाच्या बडबडीवर पेटी लटकून बसते आणि दुसऱ्याचं काही कळत नाही. तसा केला असशील आणि संध्याकाळी परत लावायचा राहिला असेल. माझाही एकदा..."

आर्डिथचं तोंड तिथेच बंद पडलं. तिने मागे वळून बघितलं.

व्हर्ना खुर्चीत बसली होती, कप हातात तसाच. तिला तो पहाटेचा स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. बोटींचे दिवे ओळीने बंदराबाहेर पडताना खिडकीतून दिसले होते, आणि पेटीत एकदम सगळ्यांची कावकाव सुरू झाली होती. कुणाची कॉफी सांडली, कुणाला थंडी वाजतेय. हॉलिसचा आवाज या गोंगाटात हुकायला नको म्हणून ती स्टुलावर चढली होती आणि स्वतःच्या बोटाने तिने ते बटण दाबलं होतं. दरवर्षीसारखंच. संध्याकाळी परत लावायचं, दरवर्षीसारखंच. त्या संध्याकाळी घरात पाद्री होता, पोलीस होते, आणि पेटीकडे कोण बघणार होतं?

"व्हर्ना," आर्डिथ हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी..."

"गप बस."

"अगं, पण मग लॉर्नने..."

"आर्डिथ, तुला देवाची शपथ आहे, गप बस."

ती उठली. स्टूल ओढलं, वर चढली. आधी डिले लावला. मग तो कोपऱ्यातला चॅनेल पुन्हा फेऱ्यात घेतला. दोनदा चुकीचंच बटण दाबलं गेलं. खाली उतरून ती फ्रिजला टेकून उभी राहिली. पेटी आता शहाण्यासारखी वागत होती. मर्लने काही विचारलं, पेटी थांबली, उत्तर आलं, मग पुढे गेली. किती साधी गोष्ट. दीड वर्षात कधीही करता आली असती.

मग लॉर्न बोलला.

"बाबा, बाहेरच्या बोयाशी आलो. आत येतोय."

पेटी थांबली. दिवा त्याच आकड्यावर जळत राहिला. दोन-तीन सेकंदच असतील, पण व्हर्नाने आयुष्यात एवढं लांब काही ऐकलं नव्हतं. त्या जागेत टक टक व्हायला हवं होतं. कोण करणार? पेटी पुढे निघून गेली.

"बाबा म्हणाला तो," व्हर्ना म्हणाली.

"हो गं."

"रोज म्हणत असेल?"

"मला कसं माहीत असणार, व्हर्ना? तो चॅनेल तुझ्याच पेटीत आहे."

व्हर्नाने ओठ दाताखाली धरले. रडायला वेळ नव्हता. बोयापासून धक्क्यापर्यंत यायला बोटीला फार वेळ लागत नाही, आणि उद्या बोट दुसऱ्याची होणार होती. "तुमच्या गाडीत बोलायचा रेडिओ आहे ना?"

"मर्लचा आहे, पण..."

"चल."

घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून ती बाहेर पडली. आर्डिथने गाडी इतक्या हळू चालवली की व्हर्ना दोनदा तिच्यावर डाफरली, पण धुक्यात रस्त्याची कडाही दिसत नव्हती. धक्क्यावर पोचल्यावर आर्डिथने इंजिन चालू ठेवलं. खाली पाण्यावर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. व्हर्नाने रेडिओ त्या कोपऱ्यातल्या चॅनेलवर आणला आणि माईक हातात घेतला. हॉलिसचा हात मोठा होता, त्याला असलं बटण नुसत्या एका अंगठ्याने दाबता यायचं. तिला दोन्ही अंगठे लावावे लागले.

टक टक.

काच पुसायची पट्टी इकडून तिकडे गेली. मग लॉर्नचा आवाज आला, चाळिशीच्या माणसाचा नाहीच, पार लहानपणीचा.

"कोण आहे?"

"बोल ना," आर्डिथ म्हणाली. "अगं बोल, घाबरलाय तो."

व्हर्नाने मान हलवली. "इथे नको."

"इथे नको तर कुठे?"

"हॉलमध्ये म्हणाले होते मी. त्याच्या कानात नव्हते म्हणाले."

आणि तिने रेडिओची कळ फिरवली, सगळ्या बोटी बोलतात त्या चॅनेलवर आणली. तिथे कुणीतरी विनोद सांगत होता, दुसरा हसत होता. व्हर्ना त्यांच्या मधेच घुसली. बायकांनी रेडिओवर बोलायची टर्नर्स नेकमध्ये रीत नाही. पण रीत गेली चुलीत.

"मी व्हर्ना बोलतेय. हॉलिसची व्हर्ना. मला बोलू द्या, मधे कुणी बोलू नका." तिला धाप लागली होती. "मी लॉर्नला हॉलमध्ये खोटारडा म्हणाले होते. तुम्ही सगळे होतात तिथे. मी म्हणाले, त्याने बापाला उत्तर दिलं नाही, मी पेटीखाली उभी होते. उभी होते ते खरं आहे. पण माझ्या पेटीचा डिले बंद होता. मीच केला होता सकाळी, माझ्या हाताने. त्याने दाबलं तेव्हा पेटी पुढे निघून गेलेली होती. आज कळलं मला. त्याने दाबलं होतं. त्याने उत्तर दिलं होतं. तुम्ही माझं ऐकून त्याच्याशी जसे वागलात, ते माझ्यामुळे. आता हेही माझं ऐका."

तिने बटण सोडलं.

दिवसभर ज्या चॅनेलवर श्वास घ्यायला जागा नसते, तिथे नुसता पोकळ आवाज. समुद्रावरच्या सगळ्या केबिनींत, गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत ते पोचलं होतं.

व्हर्नाने कळ परत कोपऱ्यात फिरवली. माईक मांडीवर ठेवला आणि समोरच्या पांढऱ्या धुक्याकडे बघत बसली. आर्डिथ नाक ओढत होती. पट्टी काचेवरून गेली, आली.

टक टक.

"केलं गं त्याने माफ!" आर्डिथला रडूच फुटलं.

"माफ बिफ काही नाही," व्हर्ना म्हणाली. "ऐकलं म्हणाला. तेवढाच अर्थ असतो त्याचा."

बोट धुक्यातून अगदी धक्क्याजवळ आली तेव्हाच दिसली. टॅनिसने दोर बांधले. तिने वर बघितलं, व्हर्नाला बघितलं, आणि पुन्हा दोराकडे वळली. तिचं काही चुकलं असं कोण म्हणेल? लॉर्न लोखंडी शिडीने वर आला. दीड वर्षात त्याची दाढी अर्धी पांढरी झाली होती. व्हर्नाने त्याला दुकानात, रस्त्यात लांबून बघितला होता, पण दाढी तिच्या नजरेत आली नव्हती.

तो तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "सपाता घालून आलीस? भिजल्यात सगळ्या."

"हं."

त्याने हातमोजा काढला, पुन्हा घालायला लागला, मग तसाच हातात धरला.

"आई," तो म्हणाला, "मलाच वाटायला लागलं होतं गं."

"काय?"

"की मी दाबलंच नसेल. तू उभी होतीस आणि तू ऐकलं नाहीस म्हणजे..." त्याने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. "तुझं कधी चुकायचं नाही ना. मी परत परत आठवून बघायचो. दाबलं की नुसतं दाबावं असं मनात आलं? टॅनिस म्हणायची, वेडा होशील. मग मला खरंच कळेना. बाबा शेवटपर्यंत वाट बघत होते की त्यांना कळलं होतं मी येतोय, तेच कळेना."

आपण पोराला खोटं पाडलं एवढंच व्हर्नाला गाडीत वाटलं होतं. आपण त्याची आठवणसुद्धा त्याच्यापासून काढून घेतली, हे तिला आत्ता कळत होतं.

तिने त्याचा तो अंगठा आपल्या मुठीत धरला. गार पडला होता, त्याला आमिषाचा वास येत होता.

"दाबलं होतंस," ती म्हणाली.

"नक्की?"

पेटी पुढे गेली होती. तिने ते ऐकलं नव्हतं, आता कधी ऐकूही येणार नव्हतं.

"तू सांगितलं होतंस की मला," ती म्हणाली. "तेव्हाच पुरायला हवं होतं."

लॉर्नने मान हलवली. त्याचे डोळे भरले, पण तो रडला नाही. हॉलिसचाच पोरगा. तिने विचारलं, "जायलाच हवं का रे?" तो म्हणाला, "सह्या झाल्यात, आई. टॅनिसला नाही राहायचं इथे." आणि थोडं थांबून, "मलाही नाही." त्याने अंगठा सोडवून घेतला नाही, इतकंच. खालून टॅनिसने हाक मारली तेव्हा मग त्याला जावं लागलं.

शनिवारी जाताना त्यांची गाडी व्हर्नाच्या दाराशी थांबली. टॅनिस गाडीतच बसून राहिली. लॉर्न आत आला, उभ्या उभ्या चहा प्यायला, काकवीची बिस्किटं पिशवीत घेतली. पोचल्यावर फोन करतो म्हणाला, आणि केलाही. पुढे रविवारचे फोन सुरू झाले. तिकडे थंडी कशी आहे, इकडे मासा कसा आहे, असलं बोलणं. हॉलिसचा विषय त्यात कधी निघत नाही. गावातले लोक लॉर्नबद्दल आता फार चांगलं बोलतात. गेल्यावर बोलायला काय जातं!

जूनमध्ये एका सकाळी आर्डिथ व्हर्नाकडे आली. तिच्या घरी नवा स्कॅनर आला होता, पण मर्ल हेरिंग मासे धरायला गेला होता आणि तिला सोबतीने ऐकायची सवय लागली होती. व्हर्नाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पेटी चालू होती, दिवा लागलेला होता, पण आवाज काही नव्हता.

"बिघडली का गं?"

"नाही."

आर्डिथने डोकावून बघितलं. आकडा फिरत नव्हता. व्हर्नाने पेटी त्या कोपऱ्यातल्या चॅनेलवर अडवून ठेवली होती, हलू नये म्हणून.

"अगं, तिथे कुणी नाहीये आता."

"माहीत आहे."

"मग फिरू दे ना तिला. मर्लचं ऐकूया."

व्हर्नाने टेबलावरचं पीठ हाताने एका बाजूला सारलं आणि आर्डिथसाठी खुर्ची ओढली.

"त्याचं तू घरी ऐक," ती म्हणाली. "इथे जरा थांबू दे तिला."